आकडा नॉर्मल

रात्री दोनला दोन नळ्या आल्या
एकाच रॅकमध्ये, खांद्याला खांदा लावून.
एकीवर पिरोश्काबाईंचं नाव,
टपाल कचेरीतल्या, वय एक्केचाळीस.
दुसरीवर माझ्या बापाचं.

यंत्राला नाती कळत नाहीत.
त्यानं घरघर केली, कागद सोडला:
पिरोश्काबाई, लायपेज चार हजार दोनशे.
ओदोन, छत्तीस.
पुढे बाण नाही, चांदणी नाही. नॉर्मल.

बाईंचं सगळं सोपं होतं, म्हणजे भयंकर होतं.
नऊपर्यंत त्या बहिणीकडे हंसाच्या चरबीतले तुकडे
कांद्यासोबत खात होत्या.
साडेनऊला कुणीतरी बेंबीच्या वरून
थेट पाठीपर्यंत सळई घातली.
ओकून ओकून त्या हिरव्या झाल्या.
पित्ताशयातला एक खडा, वाटाण्याएवढाही नाही,
नळीच्या तोंडाशी येऊन बसला
आणि स्वादुपिंडाचा रस आतल्या आत उलटला.
कुंपणानंच शेत खाल्लं, एका रात्रीत.
तीन मजले ऐकू जाईल असं ओरडल्या त्या.
वाचल्या, तर शेत पुन्हा हिरवं होईल.
वाचतील बहुधा. शिरेतून पाणी चाललंय,
रात्र अजून मोठी आहे.

माझा बाप ओरडत नाही.
सात वर्षांपूर्वी ओरडला होता,
तेव्हाचा आकडा मीच छापला: अठराशे.
नंतर पुन्हा एकदा. मग आणखी एकदा, थोडा कमी.
दारू सोडली म्हणाला.
शेडमधला तांब्याचा हंडा
दर ऑगस्टला तरी धुतलेला असायचा.

आता तो जेवणानंतर
गुडघे पोटाशी घेऊन बसतो, पुढे वाकून,
हरवलेलं बटण शोधतोय असं वाटावं.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली चार नवी भोकं.
एकदा त्याच्या मागोमाग मी संडासात गेले
आणि पाण्यावर तेलाचा तवंग पाहिला.
खाल्लेलं लोणी तसंच तरंगत होतं.
मी काही बोलले नाही.
रक्तात साखर निघाली तेव्हाही तो म्हणाला,
वयाचं असेल.
रोज मरे त्याला कोण रडे,
आणि रोज मरणाऱ्यालाही ते पाठ झालेलं असतं.

केच्केमेतच्या वाळूत आमची जर्दाळूची बाग आहे.
झाडांचं त्यानंच शिकवलं मला.
एप्रिलच्या एका रात्री दहिवर पडतं,
सकाळी सगळा मोहोर काळा.
बाया रडतात. तो म्हणायचा, रडू नका,
झाड जिवंत आहे, पुढल्या वर्षी बघा.
मग मला हात धरून कडेच्या झाडाकडे न्यायचा,
जिथं काहीच झालेलं नसायचं.
सालीतून डिंक ओघळलेला, बोटाएवढा,
काचेसारखा छान.
हे बघ, म्हणायचा, हे चाललं.

वरून फोन. डॉक्टर केलेमेन, नवा मुलगा.
ओदोनकाकांचा आकडा नॉर्मल आहे ना?
मग गॅस असेल. सकाळी घरी सोडतो.
मी म्हटलं, डॉक्टर,
जळायलाच काही उरलं नसेल
तर धूर कुठून येणार?
तिकडे शांतता.
मग म्हणाला, सीटी करू या.

पडद्यावर पोटाच्या आडव्या पट्टीत
पांढरे ठिपके. किती तरी.
कुणीतरी चुन्याचे खडे पेरून
पाणी घालायला विसरलं होतं.
मधली नळी फुगलेली, वाकडीतिकडी,
ग्रंथी सुकून दोरीएवढी.
केलेमेन मोजू लागला आणि थांबला.

पहाटे मी वर गेले.
पडद्यापलीकडे पिरोश्काबाईंना झोप लागली होती,
तोंड उघडं, एक हात नळीवर.
बाप खाटेच्या कडेला, एकच बूट घातलेला,
घरी जायचंय म्हणून.
पास झालो का, त्यानं विचारलं.
छत्तीस, मी म्हटलं.
तो खुदकन हसला
आणि पोट धरून पुढे वाकला,
बराच वेळ तसाच राहिला.
हसतोय की दुखतंय,
एवढं मात्र मला
इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही.